वगळलेला डोंगर

माझे एक स्नेही आहेत. जन्म मिऱ्याचा, आणि नोकरीची सगळी वर्षे व्यापारी बोटींवर गेलेली. चीनमधल्या निंगबो बंदरात बोट काही दिवस थांबली होती, तेव्हा ते पुतुओ नावाच्या बेटावर जाऊन आले. परत आल्यावर मला म्हणाले, "अहो, तो डोंगर मुळात आपलाच. देव आपला, नावसुद्धा आपलं. त्यांनी देवाला लुगडं नेसवलंय, एवढंच."

तेव्हा मला हे बोलणे फार आवडले होते. दोन-तीन ठिकाणी मी ते माझेच म्हणून सांगितलेही. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य मला खरे वाटते, पण अर्धेच. उरलेले अर्धे शोधताना मला चीनपेक्षा महाराष्ट्राविषयीच अधिक कळले. आपण आपल्याविषयीचा एक जुना मजकूर कसा वाचत आलो आणि त्यातला कोणता भाग वगळत आलो, हा या लेखाचा विषय आहे. पण सुरुवात त्या डोंगरापासूनच करायला हवी.

१

चिनी बौद्ध परंपरेत चार डोंगर विशेष पवित्र मानले जातात. वूताई मंजुश्रीचा, अमेई समंतभद्राचा, जिउहुआ क्षितिगर्भाचा आणि पुतुओ अवलोकितेश्वराचा. पहिले तीन देशाच्या आतल्या भागात आहेत. पुतुओ मात्र झजियांग प्रांताच्या किनाऱ्यासमोर, झोउशान द्वीपसमूहातले एक लहानसे बेट आहे. सर्वांत उंच माथा जेमतेम ३०० मीटरचा. म्हणजे सह्याद्रीच्या मानाने ती टेकडीच. तरीही चिनी माणूस तिला 'शान', म्हणजे पर्वत म्हणतो. अशा डोंगरावर यात्रेला जाण्याला त्यांच्या भाषेत 'चाओशान' असा शब्द आहे. सम्राटाच्या दरबारी मुजऱ्याला जाणे यासाठी जो शब्द, तोच इथे डोंगरासाठी. डोंगर चढणे, पाहणे, सर करणे यांपैकी काहीही त्यात येत नाही. डोंगरासमोर हजर व्हायचे, इतकेच. काही यात्रेकरू दर तीन पावलांनंतर जमिनीवर डोके टेकवत माथ्यापर्यंत जातात. आपल्याकडे नवसाचे लोटांगण घालत देवळाकडे जाणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या बेटावरचा देव अवलोकितेश्वर. चिनी नाव गुआनयिन, जगाचा आवाज ऐकणारा. सद्धर्मपुंडरीक सूत्राचे कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये चिनी भाषांतर केले. त्यातल्या एका प्रकरणात हा बोधिसत्त्व आग, पूर, चोर, बेड्या, राक्षस अशा संकटांतून आणि वादळात सापडलेल्या गलबतातून हाक मारणाऱ्याला सोडवतो असे सांगितले आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी फाहियान हा चिनी भिक्षू सिंहलद्वीपाहून समुद्रमार्गे परत निघाला. गलबत वादळात सापडले, व्यापारी सामान समुद्रात फेकू लागले. आपल्या पोथ्याही हे लोक फेकतील या धास्तीने त्याने याच बोधिसत्त्वाचा धावा केला, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

हे सगळे आपल्या किनाऱ्याला परके नाही. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात मधोमध अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लहान लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. त्यात गलबतही आहे. असे शिल्पपट औरंगाबादच्या आणि अजिंठ्याच्या लेण्यांतही आहेत. कान्हेरीचे दानलेख वाचले की सोपारा, कल्याण इथल्या व्यापाऱ्यांची नावे भेटतात. ज्यांचा माल समुद्रावर असे, त्यांनाच हा देव हवा होता. माझ्या स्नेह्यांना पुतुओच्या धक्क्यावर उतरताच 'आपला देव' भेटल्यासारखे वाटले, त्यामागे नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या घरातले त्यांचे मन होते. त्यात खोटे काही नाही.

२

आता नावाकडे वळू. 'पुतुओ' हे 'पुतुओलुओजिआ'चे आखूड रूप. आणि ते 'पोतलक' या संस्कृत नावाचे चिनी उच्चारण. गंडव्यूह सूत्रात सुधन नावाचा तरुण गुरूंच्या शोधात हिंडत हिंडत दक्षिणेला येतो, आणि पोतलक पर्वतावर त्याला अवलोकितेश्वर भेटतो. या पर्वताचे वर्णन सातव्या शतकात युआन श्वांगनेही दिले आहे. दक्षिणेकडच्या मलय पर्वताच्या पूर्वेला पोतलक आहे, वाट अवघड आहे, माथ्यावर आरशासारखे स्वच्छ तळे आहे, त्यातून निघालेली नदी डोंगराला वीस वेढे घालून दक्षिण समुद्राला मिळते, आणि तळ्याकाठच्या दगडी मंदिरात बोधिसत्त्व येऊन-जाऊन असतो. जिवावर उदार होऊन लोक चढायला निघतात, पोचणारे फार थोडे. तमिळनाडूतला पोदिगै हा अगस्त्याचा डोंगर म्हणजेच पोतलक, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

या वर्णनात पुढे एक वाक्य आहे. त्याकडे आपण नंतर येऊ, पण त्याची नोंद इथेच करून ठेवतो. ज्यांना वर चढता येत नाही आणि जे डोंगराच्या पायथ्याशी राहून दर्शनाची याचना करतात, त्यांच्यापुढे हा बोधिसत्त्व कधी ईश्वरदेवाच्या रूपात येतो, तर कधी अंगाला राख फासलेल्या जोग्याच्या रूपात येतो, आणि त्यांचे समाधान करतो. म्हणजे बौद्धांचा देव भक्ताला शैवाच्या वेषात भेटतो, आणि एक बौद्ध भिक्षू हे कोणतीही कुरकुर न करता नोंदवतो.

हे नाव पुढे फिरत राहिले. चीनमध्ये ते या बेटाला मिळाले. जपानमध्ये ते 'फुदाराकु' झाले. ल्हासात १६४५ पासून जो प्रासाद उभा राहिला त्याचे नाव पोताला. डोंगर जागचा हलत नाही, पण डोंगराचे नाव हलते. रत्नागिरीच्या माणसाला यात नवल वाटू नये. ओडिशातही एक रत्नागिरी आहे, आणि ती मोठ्या बौद्ध महाविहारासाठी जगाला ठाऊक आहे. आमच्या रत्नागिरीविषयी काही बौद्ध अवशेषांचे लिहिले की बाहेरचा वाचक हमखास तिकडचे समजतो. मूळ रत्नागिरी कोणती, यावरून अजून दोन्हीकडे भांडण झालेले नाही.

बेटाला हे नाव का मिळाले, याच्या कथा तिथल्या लोकांनीच जपल्या आहेत. नवव्या शतकात भारताकडून आलेला एक भिक्षू तिथल्या 'लाटांच्या नादाच्या' गुहेसमोर आला. त्याने आपली बोटे जाळून साधना केली. त्याला बोधिसत्त्वाचे दर्शन झाले आणि सात रंगांचा खडा मिळाला. दुसरी कथा एगाकु या जपानी भिक्षूची. तो वूताई पर्वतावरून गुआनयिनची मूर्ती घेऊन जपानला निघाला होता. ८६३ मध्ये या बेटाजवळ त्याचे गलबत अडले, काही केल्या पुढे जाईना. देवीची जायची इच्छा नाही असे समजून त्याने मूर्ती तिथेच ठेवली. आजही तिथे त्या मंदिराचे नाव 'जायला राजी नसलेली गुआनयिन' असे आहे. देव जड झाला, हलेना, म्हणून तिथेच देऊळ बांधले, अशी कथा कोकणातल्या कितीतरी देवस्थानांची सांगितली जाते.

या दोन कथांचा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. चिनी माणसाने आपल्या डोंगराच्या जन्मकथेत एक भारतीय आणि एक जपानी ठेवला. नाव संस्कृत ठेवले. म्हणजे 'हे आम्ही बाहेरून घेतले' ही कबुली त्यांनी दाराशीच लावून ठेवली आहे. ती शोधून काढण्याचे श्रेय आपल्याला घेता येणार नाही. आणि घेतलेल्याचे त्यांनी पुढे जे केले ते सर्वस्वी त्यांचे. सोंग राजवटीच्या काळापासून हा देव हळूहळू स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. मियाओशान नावाच्या राजकन्येची कथा त्याला जोडली गेली. बापाने तिला छळले, आणि त्याच बापाच्या दुखण्यावर उपाय म्हणून तिने स्वतःचे डोळे आणि हात काढून दिले. मुलीने घर सोडून विरक्त व्हावे की आईबापांची सेवा करावी, हा चिनी समाजाला छळणारा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनी या देवीत शोधले. बोटे जाळण्याच्या प्रथेचेही तसेच झाले. पुढच्या काळात त्या गुहेपाशी देहत्याग आणि बोटे जाळणे यांना मनाई करणारा शिलालेखच उभारला गेला. देवीची कीर्ती ज्या कृत्याने वाढली, तेच कृत्य त्यांनी विचार करून थांबवले. १९९७ मध्ये तिथे समुद्राकडे तोंड करून ३३ मीटर उंचीची गुआनयिन उभी राहिली. सूत्रातली बोधिसत्त्वाची तेहतीस रूपे त्या आकड्यात आहेत.

तेव्हा 'लुगडं नेसवलंय, एवढंच' हे म्हणणे टिकत नाही. ते लुगडे विणायलाच त्यांना काही शतके लागली आहेत.

३

आता आपल्या बाजूकडे येतो. चिनी यात्रेकरूने आपल्या डोंगराविषयी काय लिहिले, आणि ते आपण कसे वाचले?

युआन श्वांग ६२९ मध्ये चांगआन सोडून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. दुसऱ्या वर्षी त्याचा वृत्तांत पूर्ण झाला. महाराष्ट्रात तो ६४१ च्या सुमारास होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. त्याच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर जूलियाँने १८५७-५८ मध्ये केले, इंग्रजी भाषांतर बीलने १८८४ मध्ये. तेव्हापासून मराठी माणसाला त्यातला एक उतारा तोंडपाठ आहे. इथले लोक उंचेपुरे, साधे आणि मानी. उपकार केला तर फेडणारे, अपमान केला तर सूड घेणारे. संकटात कोणी आश्रयाला आला तर स्वतःचा जीव विसरून धावणारे. मग मदिरा पाजलेले हत्ती, हरलेल्या सेनापतीला दिला जाणारा बायकी पोशाख, आणि उत्तरेच्या शिलादित्यालाही न नमणारा पुलकेशी. शाळेच्या पुस्तकात, शिवजयंतीच्या व्याख्यानात, गौरवग्रंथांच्या पहिल्या पानावर हा उतारा असतो. जणू तो चिनी भिक्षू सोळा वर्षे पायपीट करून आपल्याला प्रशस्तिपत्र द्यायलाच आला होता.

यात मी स्वतःला वेगळा काढत नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी एक लेख लिहिला होता. महाराष्ट्रात येण्याआधी युआन श्वांग 'कोंकणपूर' नावाच्या देशात होता असे त्याच्या वृत्तांतात आहे. तिथे शंभरावर विहार, दहा हजार भिक्षू आणि सिद्धार्थ राजपुत्राचा मुकुट. हे कोंकणपूर म्हणजे आपलाच किनारा, असे मी ठासून लिहिले. नाव वाचले आणि पुढचे काही वाचलेच नाही. वास्तविक त्याच वर्णनात राजधानीच्या उत्तरेला पसरलेले ताडाचे मोठे वन आहे, त्याची पाने भारतभर लिहायला जात असे म्हटले आहे. आणि तिथून वायव्येकडे, श्वापदांच्या आणि चोरांच्या रानातून, दोन हजारांहून अधिक ली चालून गेल्यावर मग महाराष्ट्र येतो. द्रविड देशाकडून उत्तरेला आणि महाराष्ट्राच्या आग्नेयेला, असा हा प्रदेश आहे. अभ्यासक तो आजच्या कर्नाटकाच्या बाजूला शोधतात. रत्नागिरीत तो बसत नाही. तो लेख चुकीचा होता, हे इथे छापील स्वरूपात सांगायची संधी मी घेतो. चूक माहितीची कमी आणि वाचण्याच्या हव्यासाची जास्त होती. आपले नाव दिसले की आपण तिथेच थांबतो.

महाराष्ट्राच्या प्रकरणातही नेमके हेच झाले आहे. प्रशस्तीचा उतारा संपला की आपण पुस्तक मिटतो. युआन श्वांग मात्र पुढे लिहितो. आणि पुढे लिहितो ते एका डोंगराविषयी.

राज्याच्या पूर्व सीमेवर मोठा डोंगर आहे, रांगांमागे रांगा. त्यातल्या अंधाऱ्या दरीत एक विहार आहे. उंच दालने, खोल कोठड्या, पाठीशी कडा आणि समोर दरी. मोठी बुद्धमूर्ती, तिच्यावर कशाच्याही आधाराशिवाय अधांतरी राहिलेली सात छत्रे. भिंतींवर बुद्धाच्या पूर्वीच्या बोधिसत्त्व-आयुष्यातले प्रसंग. दाराबाहेर दोन बाजूंना दोन दगडी हत्ती. ते अधूनमधून चीत्कारतात आणि भूमी हादरते असे आसपासचे लोक सांगतात. बौद्ध तर्कशास्त्राचा पाया घालणारा दिङ्नाग इथे पुष्कळदा येऊन राहत असे.

हा डोंगर म्हणजे अजिंठा, यावर बहुतेकांचे एकमत आहे. त्याला आधारही चांगला आहे. युआन श्वांग या विहाराच्या कर्त्याचे नाव अचल असे देतो, आणि अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात लेणे खोदवणारा म्हणून स्थविर अचलाचे नाव आले आहे. १६ क्रमांकाच्या लेण्याच्या वाटेवर दगडी हत्ती आजही उभे आहेत. मात्र सत्तर फुटांची मूर्ती आणि अधांतरी छत्रे अजिंठ्यात नाहीत. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की तो स्वतः तिथे पोचला नाही, त्याने ऐकलेले लिहिले. मला हे पटते, पण त्याने वर्णनाची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. ऐकीव मजकूर म्हणजे सातव्या शतकातल्या इथल्या माणसांचे बोलणे. त्या काळच्या महाराष्ट्रातला माणूस आपल्या डोंगराविषयी परक्या पाहुण्याला काय सांगत होता, ते या परिच्छेदात अडकून राहिले आहे. प्रशस्तीचा उतारा हे पाहुण्याचे मत. डोंगराचा उतारा ही यजमानाची गोष्ट.

आणि गोष्ट अशी आहे. अचल हा पश्चिम भारतातला अर्हत. त्याची आई वारली. ती पुन्हा कुठे जन्मली हे त्याने ध्यानाने पाहिले, तेव्हा ती या देशात मुलीच्या जन्माला आली आहे असे त्याला दिसले. तिला धर्म सांगावा म्हणून तो इकडे आला. भिक्षा मागत मागत तिच्या दारी उभा राहिला. ती मुलगी भिक्षा वाढायला बाहेर आली, आणि त्याला पाहताच तिच्या छातीतून दूध वाहू लागले. घरच्यांना हा अपशकुन वाटला. मग अर्हताने मागच्या जन्माचे नाते उलगडून सांगितले. ते ऐकून ती मुलगीही अर्हतपदाला पोचली. आणि जन्म देणाऱ्या, वाढवणाऱ्या त्या उपकाराची फेड म्हणून अचलाने डोंगरात तो विहार उभा केला.

एवढी कथा आपल्या प्रदेशातल्या सर्वांत प्रसिद्ध डोंगराविषयी, तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. तरी ती मराठीत कोणाच्या तोंडी नाही. अजिंठ्याची सहल करून आलेल्या किती जणांना ती ठाऊक असेल? आपण १८१९ मधल्या शिकारीला आलेल्या गोऱ्या कप्तानाची गोष्ट सांगतो. आईची सांगत नाही.

मला चिनी येत नाही. पण या प्रकरणातली दोन वाक्ये मी शब्दकोश समोर ठेवून एकेक अक्षर लावून पाहिली. महाराष्ट्रातले लोक उपकार फेडतात, या वाक्यात 'उपकार' या अर्थी जे चिनी अक्षर आहे, तेच अक्षर अचलाच्या आईच्या उपकारासाठी पुन्हा आले आहे. उच्चार साधारण 'अन्'. लोकांचा स्वभाव सांगताना जो शब्द वापरला, तोच शब्द त्या लोकांच्या डोंगरापाशी पुन्हा येतो. हे युआन श्वांगने मुद्दाम केले असा दावा मी करणार नाही. चिनीत तो शब्द नेहमीचाच आहे. पण प्रकरण सलग वाचणाऱ्याला दोन्ही वाक्ये एकमेकांकडे पाहताना दिसतात. पहिल्या वाक्यात दोन गोष्टी होत्या, उपकाराची फेड आणि वैराचा सूड. सुडाची उदाहरणे लगेच खाली आली, हत्ती आणि लढाया. उपकाराच्या फेडीचे उदाहरण प्रकरणाच्या शेवटी आले. ते म्हणजे हा डोंगर. आपण सुडाच्या उदाहरणापाशी थांबलो, म्हणून आपल्या हाती वाक्याचा अर्धाच भाग राहिला. इंग्रजी भाषांतरातही हा धागा दिसतो. भाषांतरकारांना दोष देता येणार नाही. पान उलटले नाही ते आपण.

४

यावर एक आक्षेप येईल. ही जुनी बौद्ध दंतकथा, तिचे आजच्या मराठी वाचकाला काय? याचे उत्तर मला आमच्या जिल्ह्यातच सापडते.

दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. शिलाहार राजपुत्र विक्रमादित्याच्या शके १०६१ च्या ताम्रपटात या जागेचे नाव 'प्रणालक' असे आले आहे. म. न. देशपांडे यांनी १९७० च्या दशकात ही लेणी अभ्यासकांपुढे आणली आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८६ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. (प्रणालक आणि पोतलक हे शब्द कानाला जवळचे वाटतात. मलाही क्षणभर मोह झाला. पण कोंकणपूरने मला शहाणे केले आहे. या दोन नावांचा संबंध नाही.)

नदीकडे तोंड करून असलेल्या या लेण्यांतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेले की धर्म बदलताना दिसतो. सुरुवातीला हीनयानी बौद्धांचा स्तूप, तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा. मग दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयानी आले. १० क्रमांकाच्या लेण्यात महाचंडरोषण त्यांचा. शिलाहारांच्या काळात गणपती आणि शिव आले. शेवटी नाथपंथी. १४ क्रमांकाचे लेणे आणि थोडे बाजूला असलेले २९ क्रमांकाचे गौर लेणे त्यांचे. तिथे आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष आणि सिद्धांची रांगच कोरलेली आहे. जी जागा आधी एकाची होती ती दुसऱ्याने घेतली, पण आधीच्याचा स्तूप डोंगरातच राहिला.

त्या नाथ-सिद्धांसमोर उभे राहिलो, की मला पोतलकाच्या पायथ्याशी राख फासून येणारा तो बोधिसत्त्व आठवतो. नेपाळात पाटणचा रातो मच्छिंद्रनाथ आजही एकाच रथात बसून बौद्धांचा करुणामय अवलोकितेश्वर असतो आणि इतरांचा मत्स्येंद्रनाथ. हेच मत्स्येंद्रनाथ आपल्याकडे ज्ञानदेवांच्या गुरुपरंपरेतले. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ही गुरुपरंपरा येते तेव्हा तिथेही एक डोंगर आहे, सप्तशृंगी, जिथे अवयव तुटलेला चौरंगी मत्स्येंद्राच्या भेटीने धडधाकट होतो. यावरून 'अवलोकितेश्वर हाच आपला मच्छिंद्र' असे समीकरण मी मांडत नाही. नेपाळातली एकरूपता नेपाळातली आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की डोंगरावर येणाऱ्या देवाने वेष बदलावा, एका पंथाने दुसऱ्याच्या घरात राहावे, हे आपल्या मातीला नवे नव्हते. युआन श्वांगने ते पाहिले आणि सरळ लिहिले. पन्हाळेकाजीत ते दगडात आहे. चिनी माणसाने पुतुओवर तेच केले. मग आपण त्याला 'मुळात आपलं' म्हणून पावती का फाडतो?

'मुळात आपलं' म्हणण्यामागे स्वत्व जपण्याची इच्छा असते, हे मी जाणतो. वसाहतकाळात आपल्या विद्वानांना ती गरज होती. पण त्याच काळात दुसरी वाटही होती. धर्मानंद कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट यांनी पाली 'विसुद्धिमग्ग' आणि चिनी भाषांतरातच उरलेला 'विमुत्तिमग्ग' शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहिले. तो ग्रंथ १९३७ मध्ये पुण्याहून निघाला. मूळ इकडे हरवले होते, ते तिकडच्या लोकांनी सांभाळले, हे मान्य करूनच ते काम होऊ शकत होते. मूळ कोणाचे या प्रश्नापेक्षा सांभाळले कोणी हा प्रश्न त्यांनी जास्त मोलाचा मानला. आपल्याकडचा प्रशस्तीचा उतारा असंख्य वेळा उद्धृत झाला, पण बापटांची शिस्त पुढे फारशी वाहिली नाही.

अचलाच्या गोष्टीत हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. तो अर्हत परक्या घराच्या दारात उभा आहे. त्या घरातली मुलगी आता त्याची आई नाही. तिचे कुळ वेगळे, घर वेगळे, नाव वेगळे. तो म्हणू शकला असता की ही मुळात माझी. तो तसे म्हणत नाही. नाते सांगतो, पण हक्क सांगत नाही. आणि फेड करतो ती त्या घरच्या लोकांकडून काही मागून नव्हे, त्यांच्या देशात काही उभारून. पुतुओच्या डोंगराकडे पाहताना मला आता ही रीत योग्य वाटते. पोतलकाचे नाव आपल्या भूमीतून गेले, हे नाते आहे. हक्क मात्र नाही. उलट फाहियान, युआन श्वांग यांच्यासारख्यांनी आपल्याविषयीचे लिहून, भाषांतरून ठेवले म्हणून आपल्याला आपला डोंगर वाचता येतो. या हिशेबात देणेकरी आपण निघतो.

फेड करायची तर कामे साधी आहेत. युआन श्वांगचे महाराष्ट्राचे प्रकरण पूर्ण, न तोडता, थेट चिनीवरून मराठीत यायला हवे. शाळेच्या पुस्तकात प्रशस्तीच्या चार ओळींखाली अचलाच्या आईच्या चार ओळी यायला हव्यात. पन्हाळेकाजीला जाणाऱ्याच्या हाती देशपांड्यांच्या ग्रंथाचा मराठी सारांश असायला हवा.

परवा त्या स्नेह्यांना ही अचलाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिथे एक म्हातारी बाई तीन पावलांवर डोकं टेकवत चढत होती. मी तिला वाट दिली, आणि ती थांबून मलाच हात जोडून पुढे गेली. ते मात्र मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं."

सांगितले असते तरी तेव्हा मी ते लिहून घेतले नसते.